लष्कर निकामी करण्याचे खात्रीशीर उपाय

देश नवा आहे, काश्मीरची एक लढाई आटोपली आहे, १ जानेवारी १९४९ला युद्धबंदीही झाली. आता पुढच्या लढाईपर्यंत या लष्कराचं करायचं काय, असा प्रश्न पडला असेल तर हे उपाय करून बघा.

शत्रू एकच धरा, पश्चिमेचा. १९५०ला चीन तिबेटात शिरला तरी विचलित होऊ नका. १९५४ला चीनशी पंचशील करार येतोच आहे.

जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल बदलू नका. गोऱ्या साहेबाची दोन महायुद्धं तिच्यावर निघाली.

अंबाल्याच्या चौथ्या डिव्हिजनला घरं बांधायला लावा. मग मैदानी लढाईची ही डिव्हिजन १९५९ला नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, डोंगरांत धाडा. विटा उचलल्यात, डोंगर काय जड?

आणि एखादा जनरल डोकं चालवायला लागला, तर सावध! कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात ईस्टर्न कमांडला होते. ऑक्टोबर १९५९मध्ये त्यांनी लेखी दिलं की चिनी आले तर सीमेवरची ठाणी टिकणार नाहीत, मागे भक्कम फळी धरून लढावं लागेल. मार्च १९६०ला लखनौत ‘लाल किला’ सराव घेऊन तेच दाखवूनही दिलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्या कागदात नुसती घबराट दिसली. झालं! सेनाप्रमुख थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांचं नाव सुचवलं, खुर्ची मिळाली थापरांना. थिमय्या आणि थोरात दोघेही १९६१ला घरी. वर्षभरानं नेफात चौथी कोअर कुणाच्या हाती? लढाईत कधी तुकडी न हाकलेल्या जनरल कौलांच्या! आणि २० ऑक्टोबर १९६२ला नामका चू नदीच्या काठी, चिनी हल्ल्यात, त्या थंडीत, उन्हाळी कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत मेली कोण? पोरं!

परवा आमच्याकडच्या व्याख्यानमालेत एक नामवंत वक्ते १९६२च्या पराभवाबद्दल म्हणाले, “लष्करानंच वेळीच सावध करायला हवं होतं.” टाळ्या! मी हात वर केला, तर म्हणे प्रश्नांना वेळ नाही, सत्कार बाकी आहेत.

अहो, शाल घेण्याआधी थोडं वाचून या की! ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ म्हणत यशवंतरावांच्या नावावर दरवर्षी टाळ्या घेता. तीन वर्षं आधी इथल्याच माणसानं हे सगळं लिहून दिलं होतं, त्याचं नावसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. आणि खालच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हाला तरी कुठे होतं?