‘मेद्वेद’ म्हणजे ‘मधुविद्’ नव्हे

रशियन भाषेत अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात. त्यावरून एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो: हा शब्द म्हणजे संस्कृत ‘मधुविद्’, मध जाणणारा, सबब रशियन भाषा संस्कृतातून निघाली. आणखी एक दावा खुद्द रशियात लोकप्रिय आहे: अस्वलाचे मूळ नाव ‘बेर’, कारण त्याच्या गुहेला ‘बेर्लोगा’ म्हणतात. तिन्ही विधाने चुकीची आहेत.

‘वेद म्हणजे जाणणे.’ रशियन ‘वेदात्’ आणि आपला विद् धातू एकाच मुळाचे, यात वाद नाही. पण मेद्वेदमध्ये तो धातूच नाही. फोड मेद् + वेद अशी नसून मेद्व् + एद अशी आहे. आद्य-स्लाव्हिकच्या (रशियन, पोलिश, चेक, युक्रेनियन यांची समान पूर्वज भाषा) आधीच्या टप्प्यात मधाचा शब्द उकारान्त होता: *मेदु. (तारांकन म्हणजे लिखित पुरावा नसलेले, तुलनेतून बांधलेले रूप.) दुसरा घटक ‘एद्’, म्हणजे खाणे, रशियन ‘येदा’, अन्न, त्यातलेच, आणि संस्कृत अद्, अत्ति, अन्न ही त्याचीच भावंडे. उकारापुढे वेगळा स्वर आला की उ चा व् होतो. शाळेत शिकतो तोच यण् संधी. अर्थ निघतो मध खाणारा.

फसगत दोन कारणांनी होते. संधीतला व् पुढच्या घटकाला चिकटल्यासारखा ऐकू येतो. आणि जुन्या स्लाव्हिकमध्ये ‘जाणणे’ व ‘खाणे’ या दोन्ही मुळांत एकच स्वर आला होता. मग निवाडा कसा करायचा? दुसरा घटक व्यंजनाने सुरू झाला तर स्लाव्हिक समासात मध्ये सहसा ‘ओ’ येतो: ‘मेदोवार’, मधाची दारू गाळणारा. जाणणारा असता तर ‘मेदोवेद’ अपेक्षित होते.

याहून मोठा पुरावा ऋग्वेदातच आहे, आणि तो मजकूर लिहिणाऱ्यांनी पाहायलाच हवा होता. 1.164.22 मध्ये ‘मध्वदः सुपर्णा’ येते: मध खाणारे पक्षी. मधु + अद् = मध्वद्. घटक तेच, संधी तोच.

‘म्हणजे संस्कृतातूनच आला.’ नाही. मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, स्लाव्हिक या साऱ्यांची समान पूर्वज भाषा) शब्दातला ‘ए’ स्लाव्हिकने राखला, तसाच लिथुआनियन ‘मेदुस’ आणि ग्रीक ‘मेथु’नेही. संस्कृतात ए, ओ, अ हे तिन्ही ऱ्हस्व स्वर ‘अ’मध्ये मिसळले, म्हणून मधु. मिसळलेला स्वर पुन्हा अचूक वेगळा काढता येत नाही. संस्कृतातही एके काळी तो ‘ए’ होता, याची खूण ‘चकार’ (त्याने केले) या रूपामध्ये दिसते: कृ धातूची द्विरुक्ती ‘क’ने न होता ‘च’ने का होते? कारण तिथे ‘के’ होते. ‘ए’ने क चा च केला आणि मग स्वतः ‘अ’ झाला. या भाषा बहिणी आहेत, मायलेकी नाहीत.

शिवाय संस्कृतात अस्वलाला ऋक्ष म्हणतात. ग्रीक ‘आर्क्तोस’, लॅटिन ‘उर्सुस’ त्याच कुळातले. स्लाव्हिकने तो शब्दच गमावला, बहुधा नाव घेतले की अस्वल येते या भीतीपोटी, आणि हे टोपणनाव रूढ केले. संस्कृतातून उसनवारी असती तर ऋक्ष सापडला असता. अस्वलाचे नाव म्हणून मध्वद् संस्कृतात रूढ नाही.

पुढे हे टोपणनावही बदलत गेले: पोलिश आणि जुन्या चेकमध्ये म चा न झाला (फुटबॉलपटू पावेल नेद्वेदचे आडनाव तेच), युक्रेनियनमध्ये अक्षरे उलटून ‘वेदमीद’ झाले.

‘बेर्लोगा म्हणजे बेरची गुहा.’ इथे रशियनचा एक पक्का नियम आड येतो. दोन व्यंजनांत अडकलेल्या जुन्या ‘एर’चा रशियनमध्ये ‘एरे’ होतो: *बेर्ग, नदीकाठ, झाला ‘बेरेग’. मग *बेर्लोगचे ‘बेरेलोग’ व्हायला हवे होते. झाले नाही, कारण मुळात तिथे ‘ए’ नव्हता, अतिऱ्हस्व इ होता. पोलिशही तेच सांगते: तिथे जुन्या ‘एर’मुळे काठ ‘ब्झेग’ झाला, पण बेर्लोगाचे रूप ‘बार्वुग’, आणि त्याचा अर्थ पेंढ्याचे अंथरूण.