एकच तारणारा, मग आमच्या पणजोबांचे काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. नवीन वाचकांसाठी तुमचे म्हणणे थोडक्यात देतो: "देव प्रेमळ आहे म्हणता आणि त्याच दमात येशूवाचून तारण नाही म्हणता. ज्यांच्या कानावर हे नावच पडले नाही त्या आमच्या पणजोबांचे काय, तुकोबांचे काय? चर्चने त्यांना शतकानुशतके नरकात धाडले आणि १९६५ मध्ये जनाची लाज वाटून सूर बदलला. सगळ्या नद्या समुद्रालाच मिळतात, एवढे मान्य करायला काय जाते?"

पणजोबांपासून सुरुवात करू. हा प्रश्न जपानमधल्या यामागुचीत फ्रान्सिस झेवियर यांना विचारला गेला होता. होय, जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे तेच. २९ जानेवारी १५५२ च्या, कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच नोंदवले आहे की नवे ख्रिस्ती रडत विचारतात, दानधर्म करून, प्रार्थना करून आमच्या पूर्वजांना सोडवता येईल का? झेवियर यांचे उत्तर होते, नाही, त्यावर उपाय नाही. त्यांचे रडणे पाहून मलाही वाईट वाटते, असेही ते लिहितात. तेव्हा तुमचा आरोप हवेतला नाही.

पण त्याच पत्रात आणखी एक प्रसंग आहे. यामागुचीकरांनी विचारले, देव एवढा दयाळू, तर आमच्याकडे यायला त्याला इतका उशीर का झाला? झेवियर म्हणाले, डोंगरात एकटा वाढलेला, अक्षरशत्रू माणूस घ्या. खून आणि चोरी वाईट हे त्यालाही कळते. ते त्याला कोणी शिकवले? म्हणजे देवाचा नियम मिशनऱ्यांच्या आधीच तिथे पोचला होता. आता ही दोन उत्तरे शेजारी ठेवा. त्यांचा मेळ बसत नाही. देव आधीच पोचला असेल, तर पूर्वजांसाठी सगळी दारे बंद कशी? नंतरचा कॅथलिक विचार दुसऱ्या उत्तराच्या दिशेने गेला, पण रडतखडत.

मुळात 'तारण' शब्द नीट पाहू. बँकेत घर तारण ठेवतात ते हे नव्हे. हे तरणे-तारणे यातले, बुडणाऱ्याला काठाला लावण्याचे. त्याला बाहेर कोणी काढले हा एक प्रश्न. काढणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक होते का, हा दुसरा. 'एकच तारणारा' हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि त्यात तडजोड नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातून आपोआप निघत नाही. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम येशूच्या कितीतरी आधीचा, त्याने येशूचे नाव ऐकले नव्हते. तरी त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला गेला, असे बायबलमधले उत्पत्ती १५:६ म्हणते आणि प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाची सगळी उभारणी त्यावरच करतो.

तुमच्या प्रतिक्रियेत बायबलमधले प्रेषितांची कृत्ये ४:१२ हे वचन अर्धेच आले आहे. 'दुसरे कोणतेही नाव नाही' हे येशूचा शिष्य पेत्र बोलतो ते यरुशलेमच्या न्यायसभेपुढे. मंदिराच्या दारातला जन्मपांगळा उठून चालू लागला, तो कोणाच्या नावाने, याचा जबाब त्याला द्यायचा आहे. नवव्या वचनात त्या माणसाच्या 'बरे होण्या'ला मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, त्याच धातूतून बाराव्या वचनातले 'तारण' येते. मराठीत दोन वेगळे शब्द आल्याने हा सांधा दिसेनासा होतो. एवढे सांगूनही वचन सौम्य होत नाही, हे मान्य आहे. 'दुसरे नाव नाही' म्हणजे नाही.

आता माझ्या मूळ लेखातले 'चर्चबाहेर तारण नाही'. हे वाक्य उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचे, इ.स. २५६ च्या सुमाराचे. वाद घरातलाच होता: चर्चमधून फुटलेल्या गटांनी दिलेला बाप्तिस्मा धरायचा की नाही? गंमत म्हणजे त्या वादात सिप्रियन हरले, रोमचे बिशप स्तेफन यांची बाजू टिकली, आणि वाक्य मात्र सिप्रियन यांचे गाजले.

खरी अडचण १४४२ ची आहे. फ्लॉरेन्सला भरलेल्या चर्चच्या परिषदेच्या हुकूमनाम्यात मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी आणि फुटीर हे मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत जातील, असे स्वच्छ लिहिले आहे. त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. त्यामागे एक समजूत होती: सुवार्ता (येशूचा संदेश) सगळीकडे पोचली आहे, जो बाहेर आहे तो जाणूनबुजून बाहेर आहे. पन्नास वर्षांत कोलंबसाने ती मोडीत काढली. १५३९ मध्ये सालामान्का विद्यापीठात डॉमिनिकन पंथाचे फ्रान्सिस्को दे विटोरिया यांनी मांडले की ज्यांनी ऐकलेच नाही त्यांना अविश्वासाचे पाप लागत नाही. आणि नुसते ऐकवले, पुरावा काही नाही, वर ऐकवणाऱ्यांच्या टोळीचे वागणे असे हिंस्र, तर तेवढ्यावर विश्वास न ठेवणाराही दोषी नाही. (त्यांची बाकीची पापे माफ होतात, असे मात्र विटोरिया म्हणत नाहीत.) १५४७ मध्ये चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने, तारणासाठी लागणाऱ्या बाप्तिस्म्याच्या जोडीला 'किंवा त्याची इच्छा' हे शब्द घातले. म्हणूनच बाप्तिस्म्याची तयारी करताना वारलेल्याचा अंत्यविधी आजही चर्चमध्ये होतो. १८६३ मध्ये पोप नववे पायस यांनी, ज्याचे अज्ञान त्याला दूर करता येण्यासारखेच नव्हते, त्याला वाट मोकळी असल्याचे लिहिले. बोस्टनचे जेझुइट धर्मगुरू लिओनार्ड फीनी तुम्ही म्हणता तोच कडक अर्थ शिकवू लागले, तेव्हा १९४९ मध्ये रोमने तो अर्थ लेखी नाकारला. पुढे रोमचे बोलावणे धुडकावल्याबद्दल १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृतही केले. १९६५ च्या आधीच हे सगळे झाले आहे.

१९६५ मध्ये संपलेल्या, कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये जे म्हटले त्यात अटी आहेत, त्या सहसा गाळल्या जातात: स्वतःचा दोष नसताना सुवार्ता ठाऊक नसणे, मनापासून देवाचा शोध घेणे, आणि सदसद्विवेकातून कळलेली त्याची इच्छा कृपेच्या साहाय्याने आचरणात आणू पाहणे. तिथे 'सगळे धर्म सारखे' असे कुठेही नाही. उलट त्याच दस्तऐवजात, चर्चमध्ये शरीराने असून प्रेमात न टिकणारा तरणार नाही, असा इशारा आम्हालाच दिला आहे. प्रोटेस्टंटांमधल्या इव्हँजेलिकल पाळकांपैकी (धर्मगुरूंपैकी) अनेकांना हा विस्तार मान्य नाही. ते रोमकरांस १०:१४ पुढे करतात, 'ऐकलेच नाही तर विश्वास कसा ठेवतील?' हा वाद अजून चालू आहे.

राहिल्या नद्या. ही उपमा शिवमहिम्न स्तोत्राच्या सातव्या श्लोकातली. वेद, सांख्य, योग, पाशुपत, वैष्णव असे वेगवेगळे मार्ग, पण 'नृणामेको गम्यस्त्वमसि', सगळ्यांचे गंतव्य तूच एक. हा 'तू' म्हणजे शिव. समुद्राला तिथे नाव आहे! गीतेच्या ९:२३ मध्येही इतर देवांचे भक्त पूजतात ते मलाच, फक्त 'अविधिपूर्वक', असे श्रीकृष्ण सांगतात. याला आपण औदार्य म्हणतो. ख्रिस्ती माणूस म्हणतो, जो कोणी तरेल तो ख्रिस्तामुळेच, त्याला ठाऊक असो वा नसो. बांधणी तीच आहे, नाव वेगळे आहे. एकाला उदार आणि दुसऱ्याला संकुचित कोणत्या मापाने म्हणायचे, ते तुम्ही सांगा.

तुकोबांविषयी विचारलेत. चर्च संत घोषित करते. अमुक माणूस नरकात आहे अशी घोषणा त्याने कोणाच्याही बाबतीत केलेली नाही, आणि मी तर करणारच नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत.

एक तक्रार मात्र पूर्ण मान्य. सिप्रियन यांचे वाक्य मूळ लेखात मी काळवेळ न सांगता ठेवून दिले होते, त्यामुळे ते तुमच्या पणजोबांनाच उद्देशून असल्यासारखे वाचले जाते. तिथे २५६ चा संदर्भ आणि त्याच्या शेजारी १४४२ चा मजकूर, दोन्ही आज जोडतो आहे.