‘वाक्-श्रवण’च्या पदवीवर थेट म्युझिक थेरपिस्ट? खुलासा

‘वाक्-श्रवण शास्त्राची पदवी आहे ना? मग छोटा ऑनलाइन कोर्स करा आणि म्युझिक किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हा,’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना रोजची कामं करता यावीत यासाठीचे उपचार, हा स्वतंत्र व्यवसाय. वर्ल्ड फेडरेशन ऑफ ऑक्युपेशनल थेरपिस्ट्सच्या किमान निकषांनुसार विद्यार्थ्याला देखरेखीखाली निदान 1,000 तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. आठवड्याच्या कोर्समध्ये ते बसणार कसे?

संगीताबाबतचा घोळ बहुधा मेलोडिक इंटोनेशन थेरपीमुळे झाला असावा. त्यात पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या रुग्णाचा डावा हात धरून, प्रत्येक अक्षराला हलका ठेका देत ‘पा-णी-द्या’ उंच-खालच्या सुरात म्हणवून घेतात. 1973 पासून चर्चेत असलेली ही पद्धत वाचोपचाराचीच आहे; ती येते म्हणून कुणी म्युझिक थेरपिस्ट ठरत नाही.

पदवी वाया जाते, असंही नाही. शरीररचना, ध्वनिविज्ञान, बालविकास हे विषय पुढे ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र), विशेष शिक्षण किंवा ऑक्युपेशनल थेरपीकडे वळताना कामी येतात. प्रवेशाआधी एवढंच विचारा: या प्रमाणपत्रावर थेरपिस्ट म्हणून अधिकृत नोंदणी मिळते का? उत्तर गोलमोल आलं, तर फी भरू नका.