लंडनमध्ये एक स्थळ कमी पाहा, पण पबमध्ये निवांत बसा

आपल्याकडून लंडनला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमात बिग बेन असतं, टॉवर ब्रिज असतो, मादाम तुसाँ असतं, लंडन आय तर असतंच असतं. पब मात्र नसतो. असलाच तर रात्री, बायकामुलांना हॉटेलवर सोडून पुरुषमंडळींनी तासभर जाऊन यायची जागा म्हणून. मला हे मनापासून खटकतं. लंडनचा जुना पब हा शहर बघून झाल्यावर उरलेल्या वेळात करायचा कार्यक्रम नाही. ते शहर समजून घेण्याचीच ती एक जागा आहे, आणि दारूला हात न लावणाऱ्या माणसासाठीही ती तितकीच आहे.

मे महिन्यात आम्ही कॉलेजचे जुने मित्रमैत्रिणी तिथे भेटलो. एक मैत्रीण बरीच वर्षं किलबर्न भागात राहते. तिने आखलेला दिवस मला अजून पुरतोय, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

सकाळी आम्ही प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोडवर गेलो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, १९२१-२२ मध्ये, बाबासाहेब या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. भव्य स्मारक वगैरे नाही. शांत रस्त्यावरचं, शेजारीपाजारी लोक राहत असलेलं घर आहे. लंडनला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने तिथे जावं असं मला वाटतं, आणि सकाळीच जावं, कारण मग दिवसभर शहराकडे बघायची नजर बदलते. माझी तरी बदलली. इथून परत गेल्यावर काही वर्षांतच, १९२७ मध्ये, त्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांसाठी खुलं करण्याचा लढा उभारला. सार्वजनिक जागा खरोखर कोणाकोणाची असते, हा प्रश्न मी त्या घरातून सोबत घेऊन निघाले.

सेंट पॉल्स हे मोठं चर्च आम्ही बाहेरूनच पाहिलं. आत जायला माणशी वीस पौंडांच्या वर तिकीट आहे आणि आमच्यातल्या दोघांनी ते आधी पाहिलेलं होतं. घुमट बाहेरूनही डोळ्यांत मावत नाही.

मग फ्लीट स्ट्रीट. एकेकाळी इंग्लंडची वर्तमानपत्रं इथून निघत. या रस्त्याला लागून वाइन ऑफिस कोर्ट नावाचा एक बोळ आहे आणि त्यात ‘ये ओल्ड चेशायर चीज’ हा पब. १६६६ च्या मोठ्या आगीत शहराचा हा भाग जळाला, त्यानंतर १६६७ मध्ये हा पब पुन्हा बांधला गेला. आत पाऊल टाकलं की डोळ्यांना सरावायला जरा वेळ लागतो, इतका उजेड कमी. लाकडाच्या काळपट भिंती, बुटकी दारं, आणि खाली उतरत जाणारे जिने. ना टीव्ही, ना गाणी, फक्त माणसांच्या बोलण्याचा आवाज. साडेतीनशे वर्षांहून जुन्या वास्तूत, दोरीच्या पलीकडे उभं न राहता, कोपर टेबलावर टेकून बसता येतं, ही गोष्ट मला कुठल्याही संग्रहालयापेक्षा मोठी वाटते.

आणि याच रस्त्यावर मैत्रिणीने आम्हाला एल व्हिनो नावाच्या वाइन बारची गोष्ट सांगितली. वकील आणि पत्रकार यांची ही बसायची जागा. पण बायकांनी काउंटरशी उभं राहून पेय मागायचं नाही. मागच्या खोलीत बसायचं, तिथे आणून देऊ. १९७५ मध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा आला तरी हा नियम चालूच होता. टेस गिल या वकील आणि अ‍ॅना कूट या पत्रकार, अशा दोघी कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या. १९८२ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला, की काउंटरशी उभं राहून चाललेल्या गप्पांत भाग घेता न येणं हा भेदभावच आहे. बातम्यांची देवाणघेवाण तिथे व्हायची, कामं तिथे मिळायची, ओळखी तिथे व्हायच्या. ते दोन फूट लाकूड त्यांना का हवं होतं, हे नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागणार नाही.

१९८२! आम्ही तेव्हा जन्मलेलो होतो.

रंगाचंही तेच. १९६५ मध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला तोपर्यंत ब्रिटनमधला पबवाला गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी खोली ठेवू शकत होता आणि आपल्या माणसांना तिथून उठवू शकत होता. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये असे पब होते आणि तिथल्या भारतीय कामगारांनी त्यांच्याविरुद्ध उघड लढा दिला. आज मी, एक सावळी मराठी बाई, काउंटरशी जाऊन पेय मागते आणि कोणी मान वर करून बघत नाही, हे आपोआप झालेलं नाही. म्हणून तिथे उभं राहणं मला मोलाचं वाटलं.

आता पिण्याबद्दल. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि मध्य लंडनमध्ये त्याला सहा-सात पौंड सहज पडतात. दिवसभर फिरायचं असेल तर हाफ, म्हणजे अर्धा पाइंट घ्या, त्यात कमीपणा काही नाही. हातपंपाने ओढून देतात ती एल, म्हणजे तिथली पारंपरिक बिअर, घेऊन बघा. ती पिंपातच मुरत असते, तळघराच्या गारव्याएवढीच थंड असते, फेस बेताचा. बर्फासारखी थंड बिअर प्यायची सवय असलेल्याला पहिला घोट विचित्र लागेल. दुसऱ्या घोटाला धान्याची चव कळायला लागते. साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी हा प्रकार जवळजवळ संपवत आणला होता. १९७१ मध्ये साध्या ग्राहकांनी त्यासाठी संघटना काढली, कामरा, आणि तो टिकवला. कारखानदारांनी नव्हे, पिणाऱ्यांनी टिकवला, हे मला फार आवडतं.

आमच्यातला एक मित्र अजिबात पीत नाही. तो प्रत्येक ठिकाणी लाइम-सोडा घेऊन बसला. ‘का नाही?’, ‘थोडी तरी घे’ असं कोणी म्हटलं नाही, ना आम्ही, ना काउंटरपलीकडच्या मुलीने. आणि दिवसातल्या सगळ्यात चांगल्या गप्पा त्याच्याच होत्या.

तिथली पैसे द्यायची रीतही बघण्यासारखी आहे. टेबलावर बिल येत नाही. एक जण उठतो, सगळ्यांचं घेऊन येतो, पुढच्या वेळी दुसरा उठतो. याला राउंड म्हणतात. पहिल्या महायुद्धात सरकारला या राउंडची इतकी धास्ती वाटली, की १९१५ मध्ये बऱ्याच भागांत दुसऱ्याला पेय पाजणं हाच गुन्हा ठरवला. दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार एकमेकांच्या भिडेखातर जास्त पितात, असं त्यांचं म्हणणं. दुपारी पब बंद ठेवायचा नियमही त्याच काळातला, आणि तो तर थेट १९८८ पर्यंत टिकला!

ब्लॅकफ्रायर हा पब रेल्वे स्टेशनच्या समोर, पाचरीसारख्या निमुळत्या इमारतीत आहे. पूर्वी इथे काळा झगा घालणाऱ्या डॉमिनिकन साधूंचा मठ होता. १९०५ नंतर या पबच्या भिंती संगमरवर, रंगीत मोझेक आणि तांब्याच्या उठावचित्रांनी मढवल्या गेल्या, आणि त्यात हसरे, गुबगुबीत साधू मासे पकडतायत, गातायत. साठच्या दशकात ही इमारत पाडायची ठरलं होतं. लोकांनी मोहीम करून ती वाचवली. तिथून मिलेनियम ब्रिजवरून नदी ओलांडून आम्ही बरो हाय स्ट्रीटवरच्या ‘जॉर्ज’मध्ये गेलो. घोडागाड्यांच्या जमान्यातली ही सराई १६७७ मध्ये बांधलेली. अंगणाभोवती लाकडी सज्जे असलेली अशी सराई लंडनमध्ये ही एकच उरली आहे. तीही अर्धीमुर्धी, कारण १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने दोन बाजू पाडल्या. आता ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे. संध्याकाळी ऑफिसं सुटली आणि अंगण भरून गेलं. सुटाबुटातली माणसं आणि रंगाने माखलेले कामाचे कपडे घातलेली माणसं एकाच बाकावर. आम्ही सरकून जागा दिली, मग बोलणं सुरू झालं आणि चांगलंच लांबलं.

रात्री किलबर्नला परतलो तेव्हा मैत्रिणीने शेवटचं ठिकाण दाखवलं, तिच्या भागातला कार्ल्टन टॅव्हर्न. १९२०-२१ मध्ये बांधलेला हा पब दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यांतून वाचला. २०१५ मध्ये, त्याला वारसा वास्तूचा दर्जा देण्याचा विचार चालू असतानाच, विकासकाने परवानगी न घेता तो बुलडोझरने पाडला. आसपासचे लोक गप्प बसले नाहीत. कौन्सिलने आदेश काढला, की होता तसाच पुन्हा बांधा. अपिलातही तो आदेश कायम राहिला आणि २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. बाहेरच्या भिंतीवरची अक्षरंसुद्धा जुन्यासारखी आहेत. एखादी राजवाड्यासारखी इमारत वाचवली असती तर मला एवढं नवल वाटलं नसतं. हा गल्लीतला साधा पब, ज्यात कोणी मोठा माणूस राहिला नाही की काही ऐतिहासिक घडलं नाही. लोक तिथे रोज भेटत होते, एवढ्यासाठी त्यांनी तो परत मिळवला.

दक्षिण लंडनमध्ये ननहेड भागातल्या लोकांनी तर २०१३ मध्ये शेअर काढून आयव्ही हाउस हा आपला पबच विकत घेतला. पुढच्या वेळी मला तिथे जायचं आहे.

ज्यांची उन्हाळ्यातली तिकिटं काढून झाली आहेत आणि जे मला विचारतायत, त्यांच्यासाठी: यादीतली एक गोष्ट खोडा. मी असते तर मादाम तुसाँ खोडलं असतं. मुलांना सोबत न्या, जेवणाच्या वेळी बहुतेक पबमध्ये मुलं चालतात, फक्त आधी विचारा. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्या, टेबलाशी वाट बघत बसू नका. आपल्या आधी आलेल्याचा नंबर आधी, हे तिथे रांग नसतानाही सगळे पाळतात, तुम्हीही पाळा. आणि जॉर्ज, ब्लॅकफ्रायर, फ्लीट स्ट्रीट हा फेरफटका आठवड्याच्या कामाच्या दिवशी ठेवा. शनिवार-रविवारी सिटी, म्हणजे ऑफिसांचा जुना मध्य लंडन भाग, ओस पडलेला असतो आणि तिथले बरेच पब बंद असतात.