हाइने खपासाठी तुरुंगात गेला नव्हता

सिंप्लिसिसिमस या जर्मन साप्ताहिकावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय की व्यंगचित्रकार हाइनेची अटक म्हणजे "शेवटी पब्लिसिटी स्टंटच", शिवाय १९१४ ला, पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, हेच साप्ताहिक कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, बाजूने गेलं ते मी लपवलं, आणि "लिहिण्याआधी थोडं वाचत जा".

नमस्कार. शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण तेच लागलंय. माझे वडील छापखान्यात ब्लॉक बनवायचे, जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने रेघ कशी उठते ते मी सहावीत असल्यापासून बघितलंय, पुढे मी स्वतः नऊ वर्षं एका साप्ताहिकात व्यंगचित्रं काढली. मुद्दा असेल तर मांडा ना, हिणवता कशाला?

एक चूक मान्य. हाइनेला म्युनिकमध्ये कोंडलं असं मी लिहिलं होतं, तो होता सॅक्सनीतल्या क्योनिगश्टाइन किल्ल्यात. दुरुस्त केलंय.

आता ते "स्टंट". १८९८ ला कैसर विल्हेल्म पॅलेस्टाइनच्या दौऱ्यावर निघाला, त्यावर हाइनेने कव्हर काढलं, क्रुसेडवाला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धावर गेलेला, जुना सम्राट बार्बारोसा हसतोय आणि शेजारी उभा दुसरा क्रुसेडवाला सरदार गॉडफ्रे त्याला सांगतोय की हसू नकोस, आपल्या स्वाऱ्यांनाही काही अर्थ नव्हता. आत नाटककार-कवी वेडेकिंडची त्याच दौऱ्यावरची कविता. अंक जप्त, सम्राटाच्या अवमानाचा खटला, हाइनेला सहा महिने, वेडेकिंडही पुढे त्याच किल्ल्यात, आणि मालक अल्बर्ट लांगेन देश सोडून पळाला तो जवळजवळ पाच वर्षं परत येऊ शकला नाही.

खप वाढला, खरंय. पण खप वाढेल म्हणून कुणी पाच वर्षं घरदार सोडतं का हो? पोलीस आधी येतात, खप वाढला की नाही ते नंतर कळतं. माझं पाणीटंचाईवरचं एक चित्र एका पुढाऱ्याच्या फोनमुळे छपाईच्या आदल्या रात्री काढून टाकलं, त्या चौकटीत बियाण्याची जाहिरात लागली. तुरुंग लांबच, नुसता एक फोन, तरी मला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. म्हणून स्टंट हा शब्द मला सहन होत नाही, आणि होऊ पण नये.

१९१४ चं म्हणाल तर तेव्हा अख्खा युरोपच वाहवत गेला होता, आणि माझा लेख १८९८ वर होता, विषय संपला.

पुन्हा लिहा, अडवत नाही. फक्त त्याआधी ते कव्हर शोधा आणि बार्बारोसाचं हसणं नीट बघा.