विनापरवाना चिरंजीव

करिंथच्या फाटकापाशी आमच्या ड्रायव्हरने गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं. "इथून पुढे मी बोलणार नाही," तो म्हणाला.

अथेन्सपासून तिथपर्यंतचे ८० किलोमीटर हा माणूस गप्प म्हणून बसला नव्हता. मेहुण्याची ऑलिव्हची बाग, त्या बागेचा बांध, बांधावरून कोर्टात गेलेलं प्रकरण, एलेफ्सिनाचा टोल, इस्थमियाचा टोल आणि दोन्ही टोलचे पैसे शेवटी कुणाच्या घशात जातात, हे सगळं आम्हाला तपशीलवार कळलं होतं. मध्येच रस्त्याकडेला चर्च दिसलं की हा स्टिअरिंग सोडून छातीवर क्रूस काढायचा. १२०च्या वेगात, आणि एकदा नाही, तीन-तीनदा. आईला त्याची श्रद्धा फार आवडली. चर्च मागे पडेपर्यंत ती पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून बसायची, ही गोष्ट वेगळी.

"का बोलणार नाही?" मी विचारलं.

"कायदा."

ग्रीसमध्ये अवशेषांच्या आवारात पर्यटकांना माहिती सांगायचा हक्क फक्त सरकारी परवाना असलेल्या गाइडला आहे. ड्रायव्हरने फाटकाबाहेर काय वाटेल ते सांगावं. आत जाऊन तोंड उघडलं की दंड. हे मला करिंथच्या दारात, डोक्यावर ऊन आलेलं असताना समजलं. दुबईहून ताईने ज्या पानावर ३८० युरो भरले होते, त्या पानावर "दिवसभर केवळ तुमच्या कुटुंबासाठी, इतिहासाची जाण असलेल्या सोबत्यासह" असं ठळक अक्षरांत होतं. सोबती समोरच्या टपरीवजा कॅफेकडे निघालासुद्धा होता.

हा सगळा घाट आईसाठी. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आमच्याकडे लग्नात बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचल्याशिवाय पंगत बसत नाही. "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" हे आईने आजवर इतक्या लग्नांत ऐकलंय की त्यातली निम्मी लग्नं मोडल्याचंही तिच्या लक्षात आहे. ज्यांना प्रेषित पौलाने हे पत्र लिहिलं ते करिंथकर राहायचे कुठे, हे तिला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. "एवढं समजावून लिहावं लागलं म्हणजे महाभांडखोर असणार," हे तिचं मत. पत्र नीट वाचलं तर तिचंच बरोबर आहे. एकमेकांना कोर्टात खेचू नका, असंही पौल त्यात लिहितो. ड्रायव्हरच्या मेहुण्यापर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

वाटेत करिंथचा कालवा झाला. पुलावर उभं राहून खाली पाहिलं की पोटात खड्डा पडतो. कातळ उभा कापून काढलेली सहा किलोमीटरहून लांब चीर, तळाशी निळं पाणी. सम्राट नीरोने इसवी सन ६७ मध्ये खणायला घेतला, पुढच्याच वर्षी तो मेला, काम बंद पडलं, आणि पुरा झाला १८९३ मध्ये. आईने विचारलं, "कंत्राटदार कोण होता?" ड्रायव्हर इतका हसला की मला वाटलं, दिवस चांगला जाणार.

तिकिटाच्या खिडकीवरच त्या आशेला पहिला तडा गेला. पासष्टीपुढच्यांना सवलत होती, पण ती युरोपीय संघाच्या नागरिकांना. आई आता ७६ वर्षांची. तिने पर्समधून आधार कार्ड काढून काचेला टेकवलं. आतल्या मुलाने ते निरखून पाहिलं, जन्मसाल पाहिलं, सहानुभूतीने मान डोलावली आणि पूर्ण तिकीट फाडलं. "मला एसटी फुकट नेते म्हणावं," आई मला म्हणाली, "अख्ख्या महाराष्ट्रात." मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. आमच्या मागे रांग होती आणि एसटी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती.

आत गेलो. दगड. इकडे दगड, तिकडे दगड, काही उभे, बहुतेक आडवे. रोमनांनी इसवी सनपूर्व १४६ मध्ये हे शहर धुळीला मिळवलं आणि इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने परत वसवलं. म्हणजे कुठला दगड कुठल्या करिंथचा हे सांगायला जाणकार माणूस हवाच. आमचा जाणकार माणूस तारेच्या कुंपणापलीकडे, हातात गार कॉफीचा प्लास्टिकचा पेला घेऊन, स्ट्रॉ ओढत चालला होता. आमच्या बरोबरीने. आम्ही थांबलो की तो थांबायचा.

"खांब मोजा!" तो ओरडला.

मी मोजले. "सात!"

"ब्राव्हो! पूर्वी ३८! अपोलोचं देऊळ! एकेक खांब म्हणजे एकेक सबंध दगड! जोड नाही!"

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून कुणी काय ओरडावं याला कायदा आड येत नाही, असा त्याचा अभ्यास होता. मी ते आईला मराठीत सांगितलं. आईने खांबाकडे पाहिलं, मग कुंपणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, घसा बसेल. फोन कर." तिथून सगळं पेटलं.

फोन लावला. स्पीकरवर टाकला. रोमिंग माझं.

आवाराच्या मधोमध जुन्या बाजारचौकात एक दगडी ओटा आहे, त्याला बेमा म्हणतात. आपल्या मराठी बायबलात हेच "न्यायासन". पौल करिंथला दीड वर्ष राहिला, अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्यासोबत राहून तंबू शिवायचा धंदा करायचा आणि शब्बाथ या यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी त्यांच्या सभास्थानात वाद घालायचा. शेवटी विरोधकांनी त्याला धरून गल्लियो नावाच्या रोमन सुभेदारापुढे उभा केला. हा गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ; डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखात त्याचं नाव आहे, त्यावरून ही सगळी घटना इसवी सन ५१च्या आसपासची हे ठरवता येतं. गल्लियोने तक्रार ऐकली आणि म्हणाला, हा तुमच्या धर्मशास्त्राचा आणि नावांचा वाद, तुमचं तुम्ही बघा. सगळ्यांना हाकलून दिलं. मग जमावाने सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस याला न्यायासनासमोरच चोपलं आणि गल्लियोने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हे फोनमधून ग्रीक वळणाच्या इंग्रजीत येत होतं, मी वाक्यावाक्याला थांबवून आईला मराठीत सांगत होतो. सांगता सांगता मीही रंगलो. हातवारे आले. गल्लियोचा आवाज जाड काढला. मागे कुणी तरी "वा!" म्हणालं. वळून पाहिलं तर नाशिकचं एक जोडपं, टोप्या घालून, हाताची घडी घालून ऐकत उभं.

"चालू द्या, चालू द्या," गृहस्थ म्हणाले. "आमच्या ग्रूपचा गाइड फार पळवतो हो. तुमचं कसं निवांत आहे."

मी चालू दिलं. सोस्थनेसला मार बसेपर्यंत आणले. गृहस्थ खूश झाले आणि, मी नको नको म्हणत असताना, पाच युरोची नोट काढून माझ्या हातात कोंबू लागले. शिट्टी वाजली ती नेमकी तेव्हा.

पहारेकरीण बाई धिप्पाड होत्या. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, काळा चष्मा कपाळावर. त्यांनी आधी नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लायसन्स?"

"कसलं?"

"गाइड लायसन्स."

"मी गाइड नाही. ही माझी आई आहे."

"सगळेच म्हणतात आई आहे."

यावर काय बोलणार? मी आईकडे हात केला. आई तेवढ्यात दमून एका कोरीव दगडावर टेकली होती. शिट्टी पुन्हा वाजली. "नो सिट! अँटिक्विटी!" आई दचकून उठली. तिच्या गुडघ्याची वाटी झिजलीय. त्या अख्ख्या आवारात बसण्यालायक उंचीची जी जी वस्तू आहे ती दोन हजार वर्षं जुनी आहे, हा तिचा दोष नव्हे.

"आणि हे?" बाईंनी नाशिककरांकडे बोट दाखवलं. "हेही आई?"

"आम्ही नुसतं ऐकत होतो," नाशिककर मराठीत म्हणाले आणि नोट खिशात घालून बायकोसह एका खांबामागे गेले. सोस्थनेस प्रकरण चालू असताना इतर करिंथकर कुठे होते, हा प्रश्न मला तिथे सुटला.

मी पासपोर्ट काढला. आईचाही काढला. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं आहे, ते उघडून दाखवलं. बाईंनी दोन्ही पुस्तिका उलटसुलट करून पाहिल्या. आईच्या पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, माझ्यात तेच नाव पण स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. बाईंचं बोट त्या जास्तीच्या ए वर येऊन थांबलं. नगरच्या कुठल्या तरी कारकुनाने शाळेच्या दाखल्यावर टाकलेला तो ए मला दहावीपासून छळतोय. बँकेत छळला, गॅस कनेक्शनला छळला, पण अपोलोच्या साक्षीने छळेल असं वाटलं नव्हतं.

आता आई पुढे झाली. तिने बाईंच्या दंडावर हात ठेवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाई, याने आजपर्यंत मला एक गोष्ट धड समजावून सांगितलेली नाही. हा कसला गाइड?" बाईंना शब्द कळला नसेल, सूर कळला. त्या थोड्या ढिल्या पडल्या. तेवढ्यात माझ्या हातातला फोन ग्रीकमध्ये बोलू लागला. जाणकार सोबती अजून लाइनवर होता आणि सगळं ऐकत होता. बाईंनी फोन घेतला. आधी दोघं भांडले, मग गावं निघाली, मग गावातली माणसं निघाली, मग बाई खो खो हसू लागल्या. माझ्या रोमिंगवर, माझ्या ३८० युरोंच्या दिवसात, ते दोघं पेलोपोनीसमधल्या कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होते आणि मी न्यायासनासमोर उन्हात उभा होतो. शेवटी फोन परत मिळाला. "ओके," बाई म्हणाल्या. "पण हळू बोला. आणि पैसे नाहीत." मी पैसे घेतले नव्हते. नाशिकच्या खिशात गेलेल्या त्या नोटेचा डाग माझ्यावर राहिला तो राहिलाच.

माझा राग त्या कायद्यावर नाही. परवान्याचे गाइड शिकून-सवरून येतात, त्यांचं पोट त्यावर आहे, उद्या कुणीही उठून काहीही सांगत सुटेल म्हणून नियम हवा. बाईंवरही फारसा नाही. त्यांना दिवसभर उन्हात उभं राहून माणसांना दगडांवरून उठवावं लागतं. राग आहे तो गाडी आणि ड्रायव्हर भाड्याने देऊन वर "इतिहास" लिहिणाऱ्यांवर. परवान्याच्या गाइडचे वेगळे पैसे पडतात, हे तळाशी, माशीच्या पायांएवढ्या अक्षरांत. आत सावलीला बाक किती, ७६ वर्षांच्या बाईने टेकायचं कुठे, हे तर माशीच्या पायांतही नाही. आणि वर "वयस्कर प्रवाशांसाठी उत्तम" असा हिरवा टिळा लावलेला. थोतांड!

संग्रहालयात जरा बरं वाटलं, गारवा होता. तिथे मातीचे हात, पाय, कान मांडून ठेवले आहेत. वैद्यकाचा देव अस्क्लेपिओस, त्याला बऱ्या झालेल्या रोग्यांनी वाहिलेले. आई काचेला नाक लावून बराच वेळ शोधत होती. "नुसता गुडघा वाहिलेला दिसत नाही कुणी," ती म्हणाली. "कुणाचा बराच झाला नसेल."

फाटकाबाहेर आलो आणि ड्रायव्हरला वाचा फुटली. नाट्यगृहाच्या अवशेषांपाशी एक फरसबंदी आहे, तिथे तो आम्हाला मुद्दाम घेऊन गेला, कारण ती मुख्य आवाराबाहेर येते. दगडात लॅटिन अक्षरं खोदलेली: एरास्त याने अधिकारपद मिळाल्याबद्दल हे स्वखर्चाने फरसबंद केले. १९२९ मध्ये सापडलेला हा लेख. पौलाच्या रोमकरांस पत्रात नगराचा खजिनदार एरास्त येतो तोच हा की दुसरा, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. मला एरास्त ओळखीचा वाटला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरसेवकाचा असाच फलक आहे, फक्त त्यात फोटो आहेत आणि खर्च जनतेचा आहे. शिवाय एरास्ताची फरशी अजून जागेवर आहे.

शेवटी किंख्रिया बंदर. फाटक नाही, तिकीट नाही, शिट्टी नाही. निम्मे अवशेष पाण्यात. नवस होता म्हणून पौलाने इथे डोक्याचे केस कातरले आणि जहाजात बसला. इथल्याच ख्रिस्ती मंडळीची सेविका फिबी, तिची शिफारस पौलाने रोमकरांना केली, हे ड्रायव्हरने सांगताच महिला मंडळाच्या माजी अध्यक्षा, म्हणजे आमच्या आई, खूश झाल्या. इथे तो तास-दीड तास बोलला. उत्तम बोलला, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. आई पाय पाण्यात सोडून एका दगडावर बसली होती. दगड जुना असावा. कुणी उठवलं नाही.

रात्री हॉटेलवर पोचेपर्यंत आईने ताईला फोन करून "माणूस लाखात एक" सांगितलं होतं आणि ताईने दुबईत बसून पाचपैकी पाच तारे देऊन टाकले होते. पैसे तिचे, तारे तिचे. तरी मी माझ्यापुरती तक्रार लिहायला बसलो. गाइड दिला नाही, बसायला जागा नाही, आईसमोर मुलाची झडती झाली, मुद्देसूद लिहिलं. पाठवायचं बटण काही केल्या दबेना. वर लाल अक्षरांत येत होतं: ज्या गाइडविषयी तक्रार आहे, त्याचा परवाना क्रमांक भरणे आवश्यक आहे.