दादा, ती सहल नव्हती

गेल्या रविवारी फोनवर दादा म्हणाला, "बारा लाख गुतवून वर्षभर फिरायला जायचं. ही काय कॉलेजाची सहल हाय?"

विषय त्याच्या लेकीचा. ती सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजाचा इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, एका विद्यापीठाशी करार झालाय. सातवं सेमिस्टर ऑक्टोबरपासून इकडे शिकायचं आणि मार्चपासून एखाद्या कंपनीत प्राक्टिकुम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, करायचं. अर्जाची मुदत तोंडावर आली आहे. वहिनी लेकीच्या बाजूने आहेत, दादा ठाम नाही म्हणतोय, आणि मी इकडे श्टुटगार्टला, केअरवोखेचा, म्हणजे जिना झाडायच्या पाळीचा, झाडू हातात धरून जिन्यात उभी राहून ऐकतेय. त्याचं बाकीचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं. 'सहल' हा शब्द मात्र आठवडाभर डोक्यातून जात नाही.

पैशाचं आधी सांगते, कारण तेवढंच सोपं आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. दादाने केलेला बारा लाखांचा हिशोब बरोबर आहे. पण हे पैसे कुणाच्या घशात जात नाहीत. ते महिन्याच्या महिन्याला तिच्याच हातात येतात, खोलीभाड्याला, विम्याला, मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीतल्या, जेवणाला. बाडेन-वुर्टेमबेर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, ती करारावर आलेल्यांना माफ असते. गावाकडे लग्नाच्या हॉलला आणि आहेर-मानपानाला याहून जास्त पैसे जाताना मी पाहिलेत. त्या वेळी 'सहल' हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

हे दादाला बोलून दाखवलं. चूक केली. तो गप्प झाला.

मी स्वतः अशीच आले होते, २०११च्या ऑक्टोबरमध्ये. विद्यापीठ श्टुटगार्टच्या फायहिंगेन भागात, एस-बानने, म्हणजे लोकलने, उतरलं की समोरच. शहरात तेव्हा रेल्वे स्टेशनवरून भांडण पेटलं होतं. नव्या स्टेशनच्या बाजूची आणि विरोधातली माणसं एकाच वर्गात बसायची, आणि नोव्हेंबरात त्यावर सार्वमत झालं. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रात्री उशिरापर्यंत वाद चालायचा आणि सकाळी तीच मुलं एकमेकांना कॉफी ओतून द्यायची. मी पुण्याच्या कॉलेजात तीन वर्षं काढली होती. तिथे सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच्या फाइलवरून चाळीस जणांनी फाइल उतरवायची, हा अभ्यास होता. इथे प्रोफेसरने पहिल्याच तोंडी परीक्षेत विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" व्याख्या पाठ होती. मला काय वाटतं, हे त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. त्या परीक्षेत मला ३.७ मिळाले. इथे १.० सर्वांत वरचा आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. घरी सांगताना नुसतं 'पास झाले' एवढंच सांगितलं. आजवर तेवढंच सांगत आलेय.

मार्चमध्ये प्राक्टिकुम सुरू झालं. कंपनी पंप बनवणारी, काम टेस्ट बेंचवर. तिथला माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन झालेला मुख्य कारागीर, साठीकडे झुकलेला होता. सोळाव्या वर्षी शाळा सोडून साडेतीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे कामावरचं व्यवसाय-शिक्षण, केलेला, मग माइस्टरची परीक्षा दिलेला. पदवी नाही. पण डॉक्टरेट झालेले इंजिनिअर ड्रॉइंग घेऊन त्याच्याकडे यायचे आणि तो 'जमणार नाही' म्हणाला की परत जाऊन ड्रॉइंग बदलायचे. जर्मनीच्या पात्रता आराखड्यात माइस्टर आणि बॅचलर एकाच, सहाव्या पातळीवर आहेत. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त दिसत होतं की मी एकवीस वर्षांची पोर, आणि हा माणूस मला शेवटच्या दिवसापर्यंत अहो-जाहो करतोय.

दुसऱ्या आठवड्यात प्रेशर सेन्सरचा झिरो सरकला. पंप बंद असतानाही काटा ०.३ बार दाखवायचा. मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मोठ्या माणसांचं यंत्र, त्यांना ठाऊक असणारच, म्हणून मी बोलले नाही. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं आणि तीन दिवसांची सगळी रीडिंग फेकून द्यावी लागली. तो ओरडला नाही. एवढंच विचारलं, "दिसलं होतं ना? मग बोलला का नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज माझ्या हाताखाली दरवर्षी प्राक्टिकुम करणारी दोन-तीन मुलं येतात. आपल्याकडून आलेली मुलं गणितात इथल्यांच्या पुढे असतात, तरी पहिले दोन महिने ती काही म्हणजे काही बोलत नाहीत. दिसतं, पण बोलत नाहीत. ती बोलायला लागतात तो दिवस मला ओळखू येतो, कारण माझा तो दिवस मला आठवतो. एवढ्यासाठी वर्ष द्यायचं का, असं दादा विचारेल. हो, एवढ्यासाठी.

वर्ष वाया जाईल, हे दादाचं म्हणणं मात्र खोटं नाही. तिच्या कॉलेजाने कळवलंय की इकडचे क्रेडिट 'विचारात घेतले जातील', पण परत आल्यावर पाच विषयांची परीक्षा द्यावी लागेल. म्हणजे विचारात घेतले जाणार नाहीत. माझंही तेच झालं होतं. इथून पास होऊन गेले आणि तिथे तेच विषय एटीकेटीवाल्या मुलांच्या बाकावर बसून पुन्हा लिहिले.

सोफिया कोराडी या इटालियन बाईंचं उदाहरण मी दादाला दिलं. १९५७-५८ मध्ये त्या अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकल्या, तुलनात्मक कायद्याची मास्टर्स घेऊन रोमला परतल्या, आणि त्यांच्या विद्यापीठाने ते शिक्षण मानायला नकार दिला. त्या अपमानाचा त्यांनी पिच्छा सोडला नाही. पुढे १९८७ मध्ये इरास्मस हा युरोपातल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारा कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे त्यांची अनेक वर्षांची खटपट होती. पहिल्या वर्षी अकरा देशांतली ३,२४४ मुलं गेली. तेव्हापासून आजवर गेलेल्यांचा एकूण आकडा दीड कोटीच्या वर आहे. युरोपात सेमिस्टरला तीस क्रेडिट असतात. ते आधी कागदावर ठरवून घेतात आणि पोरगं परत आलं की मोजतात. आपल्याकडेही नवं शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, २०२१ मध्ये क्रेडिटची बँक आली. कागद तयार आहे. कॉलेजातल्या टेबलामागे बसलेल्या माणसाला मात्र अजून वाटतं की पोरगी सहलीला गेली होती. दादा, भांडायचं तर त्या टेबलाशी भांड, लेकीशी कशाला भांडतोस?

राहिला तिसरा आक्षेप. "जात्यात ती परत येत न्हाईत."

यावर मी बोलू शकत नाही. मी २०१२च्या ऑगस्टमध्ये परत गेले, पदवी घेतली, चाकणला वर्षभर नोकरी केली आणि २०१४ मध्ये पुन्हा इकडे आले. 'दोन वर्षं' असं सांगून आले. आमचे वडील, अण्णा, गेले ते २०१७च्या जानेवारीत, ऐन गळीत हंगामात. दादा कारखान्यात फिटर आहे. हंगामात मिल थांबली की मध्यरात्रीही बोलावणं येतं. दिवसा मिरजेच्या दवाखान्यात आणि रात्री मिलवर, असे त्याने सतरा दिवस काढले. मी पोचले तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर.

आणि एक गोष्ट इतक्या वर्षांत कधी बोलले नाही. दादा बारावी सायन्सला माझ्याहून हुशार होता. घरात एकाच्याच इंजिनिअरिंगची ऐपत होती. तो आयटीआयला गेला आणि पुढे माझी फी त्याच्या पगारातून भरली गेली. २०११ मध्ये बँकेत दाखवायला लागलेल्या पैशातही त्याने सोसायटीतून उचललेलं कर्ज होतं. ज्याच्या कर्जावर मी आले, त्याला इथे येऊन कधी विचारलं नाही की तुझं काम नेमकं काय असतं. तो माइस्टर बेअरिंगचा आवाज ऐकायला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जागची हलले नाही. दादा पाना असाच कानाला लावतो. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा मिल हाउसमध्ये पाहिलं होतं, आणि त्याला कारखान्यात सगळे 'ए फिटर' म्हणून हाक मारायचे तेही ऐकलं होतं.

महाराष्ट्र सरकारने २०२४च्या सुरुवातीला याच बाडेन-वुर्टेमबेर्गशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. तेव्हा दादाने मला पेपरातलं कात्रण पाठवलं होतं. सोबत एक शब्दही नव्हता. मी अंगठा पाठवला.

त्याच वर्षी जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला वाट दिली. भारत ते देत नाही. माझा अर्ज भरून ड्रॉवरमध्ये पडलाय, फक्त सही बाकी आहे. इथे माझं घर आहे, नोकरी आहे, शेजारीण सुट्टीला जाताना तिच्या घराची किल्ली माझ्याकडे ठेवते. पण पासपोर्ट द्यायची वेळ आली की मला मिल हाउसचा मळीचा वास येतो आणि मी ड्रॉवर बंद करते. लेकीला पाठव असं दादाला सांगताना मी त्याच्याकडून पुन्हा एकदा काय मागतेय, हे मला ठाऊक आहे. तरीही मागतेय. तिच्या डोळ्यांना जे दिसतं ते तिला बोलता आलं पाहिजे, आणि सांगलीत तिला ते शिकवणारं मला कुणी दिसत नाही.

काल पुन्हा फोन केला. पैशाचं काढलं नाही, क्रेडिटचंही नाही. माइस्टरचं सांगितलं, पहिल्यांदाच, अगदी सेन्सरच्या झिरोपासून. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मागे कारखान्याचा भोंगा ऐकू आला, पाळी बदलली असणार.

मग म्हणाला, "स्क्रू ड्रायव्हरची मूठ लाकडाची होती का प्लास्टिकची? प्लास्टिकच्यातनं आवाज नीट येत न्हाय."

लाकडाची होती, दादा.